मण्यांची माळ आणि युरियाची मूठ

आजऱ्याजवळ मामांचं घनसाळ भाताचं खाचर आहे. लावणीनंतर तिथल्या साचल्या पाण्यावर निळसर हिरवी साय धरते. मामा तिला शेवाळ म्हणतात; खरं तर ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. चिमूटभर साय सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की ॲनाबीनाच्या माळा दिसतात. हिरवे मणी एकापुढे एक, आणि दहा-वीस मण्यांनंतर एक मोठा, फिकट, जाड कवचाचा. कोल्हापुरी साजात मण्यांमध्ये पानडी यावी तसा.

त्या फिकट पेशीत नायट्रोजनेज हे विकर हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करतं. ऑक्सिजन लागला की ते नासतं, म्हणून एवढं जाड कवच. काम महागडं: नायट्रोजनच्या एका रेणूमागे पेशीचं इंधन असलेल्या एटीपीचे किमान 16 रेणू. शेजारचे हिरवे मणी साखर पुरवतात, बदल्यात ही पेशी ग्लुटामिनच्या रूपात नायट्रोजन देते. भातखाचराची सुपीकता टिकवण्यात या जिवांचा हात आहे, हे पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञाने 1939 साली दाखवलं.

“युरिया टाकला की हे मरतंय व्हय रे?” मामांचा प्रश्न.

मरत नाही. युरियापासून झालेला अमोनिया पचवताना पेशीतलं ऑक्सोग्लुटारेट खर्ची पडतं. हा रेणू साचला तर नायट्रोजनची टंचाई, घटला तर पोट भरलेलं, अशी पेशीची खूण आहे. खूण पटली की नवे फिकट मणी घडत नाहीत, नायट्रोजनेजही मंदावतं. आयतं मिळत असताना 16 एटीपी कोण जाळणार! याला आळस म्हणायला माझं मन धजत नाही.

ॲट्राझिनची गोष्ट वेगळी. हे उसातलं तणनाशक. वरच्या फडातून ते पाण्याबरोबर खाचरात उतरलं, तर हिरव्या मण्यांमधल्या डी-1 या प्रथिनाच्या खोबणीत जाऊन बसतं आणि प्रकाशाच्या जोरावर निघालेल्या इलेक्ट्रॉनांची वाट अडवतं. फिकट पेशीत हा टप्पा जवळपास बंदच असतो, तिला थेट झळ कमी. पण शेजाऱ्यांची चूल विझली, की साखर येणार कुठून? नायट्रोजनेज शाबूत राहूनही उपाशी.

युरियाचा परिणाम मात्र ओसरतो. प्रयोगशाळेत अमोनिया काढून घेतला की साधारण 24 तासांत माळेत पुन्हा फिकट मणी उमटतात. मामांनी यंदा एका वाफ्यात युरिया टाकलेला नाही. तिथली साय बघायला रविवारी जायचंय.