पीस बॅलट (ब्रिटन, १९३४-३५)

पीस बॅलट म्हणजे नोव्हेंबर १९३४ ते जून १९३५ या काळात ब्रिटनमध्ये घरोघरी जाऊन घेतलेलं मतदान. परराष्ट्र धोरणाबद्दल लोकांना पाच प्रश्न विचारले होते आणि १ कोटी १५ लाखांहून जास्त लोकांनी उत्तरं दिली. सरकारचा यात हात नव्हता, निकाल कोणावर बंधनकारक नव्हता, तरी देशातले साधारण ३८ टक्के प्रौढ यात सामील झाले, वेल्समध्ये तर प्रमाण आणखी जास्त. निवडणुकीत मतदानाचं वय तेव्हा २१ होतं, पण इथे १८ वर्षांवरच्या कोणालाही मत देता येत होतं. नाव पीस बॅलट असल्यामुळे अजूनही बरेच जण समजतात की ब्रिटिश जनतेने यात "आम्हाला लढायचंच नाही" असं सांगितलं आणि हिटलरचं फावलं. आकडे बघितले की हा समज टिकत नाही, म्हणून आकडे खाली नीट दिलेत.

आधीचं वातावरण समजून घ्यायला हवं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे सात लाखांहून जास्त सैनिक गेले होते, त्यामुळे घराघरात कोणी ना कोणी गमावलेलं होतं. राष्ट्रसंघ, म्हणजे युनोच्या आधीची लीग ऑफ नेशन्स, हीच परत युद्ध होऊ न देण्याची आशा होती आणि तीच डळमळायला लागली होती. जपानने १९३१ मध्ये चीनचा मांचुरिया प्रांत घेतला, मग १९३३ मध्ये आधी जपान आणि नंतर जर्मनीने राष्ट्रसंघ सोडायचं जाहीर केलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत ऑक्सफर्ड युनियनच्या (ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या वादविवाद मंडळाच्या) पोरांनी राजा आणि देशासाठी कोणत्याही परिस्थितीत लढणार नाही असा ठराव २७५ विरुद्ध १५३ ने पास केला, आणि ऑक्टोबरमध्ये लंडनमधल्या ईस्ट फुलहॅमच्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाच्या जॉन विल्मट यांनी हुजूर पक्षाची सेफ सीट काढून घेतली. पेपरवाल्यांनी आणि पुढाऱ्यांनी त्याचा अर्थ लगेच शांततावादाची लाट असा लावला, खरं तर त्या निवडणुकीत घरं आणि बेकारी हे विषयही तितकेच तापलेले होते.

मतदानाची कल्पना लंडनजवळच्या इलफर्डमधून आली, तिथल्या स्थानिक पेपरच्या संपादकाने १९३४ च्या सुरुवातीला असंच छोटं मतदान घेतलं होतं. ते बघून लीग ऑफ नेशन्स युनियन या संघटनेचे प्रमुख लॉर्ड रॉबर्ट सेसिल यांनी ते देशभर करायचं ठरवलं. रोजचं काम डेम ॲडलेड लिव्हिंगस्टोन यांनी सांभाळलं, आणि सुमारे ५ लाख स्वयंसेवक दारोदार फिरले, कागद द्यायचा, परत जाऊन भरलेला कागद गोळा करायचा. मजूर आणि लिबरल पक्षाचा पाठिंबा होता, हुजूर पक्ष बऱ्यापैकी नाराज होता आणि बीव्हरब्रुक यांच्या डेली एक्सप्रेसने तर याला रक्ताचं मतदान म्हणून झोडपलं, कारण पाचव्या प्रश्नामुळे ब्रिटन दुसऱ्यांच्या युद्धात ओढला जाईल असं त्यांचं म्हणणं.

निकाल २७ जून १९३५ ला अल्बर्ट हॉलमध्ये जाहीर झाला. ब्रिटनने राष्ट्रसंघात राहावं का, याला १ कोटी १० लाख हो, नाही म्हणणारे फक्त साडेतीन लाख. सगळ्या देशांनी करार करून शस्त्रं कमी करावीत, याला १ कोटी ४ लाखांच्या वर हो. लष्करी विमानं सगळ्यांनी मिळून रद्द करावीत, याला ९५ लाख हो. खाजगी नफ्यासाठी शस्त्रं बनवायला-विकायला बंदी घालावी, याला परत १ कोटी ४ लाख. या चार प्रश्नांवर वाद फारसा नव्हताच. पाचवा प्रश्न मात्र असा, की एखादा देश दुसऱ्यावर हल्ला करायचं थांबवत नसेल तर बाकीच्यांनी मिळून त्याला थांबवावं का, (अ) आर्थिक आणि बिगरलष्करी उपायांनी, (ब) गरज पडली तर लष्करी उपायांनी. (अ) ला १ कोटी हो आणि साडेसहा लाखांच्या आत नाही. (ब) ला ६७ लाख ८४ हजार हो, २३ लाख ५२ हजार नाही, आणि सुमारे २४ लाख लोकांनी स्पष्ट हो-नाही केलंच नाही, त्यातल्या बहुतेकांनी जागा कोरी सोडली. म्हणजे ज्यांनी उत्तर दिलं त्यातले जवळपास तीन चतुर्थांश गरज पडल्यास बळ वापरायला तयार होते, फक्त एकट्याने नाही, सगळ्यांनी मिळून.

पद्धतीत दोष होतेच. ज्याला इच्छा तोच मत देणार, प्रश्नांचा कल आधीच राष्ट्रसंघाकडे, आणि सगळ्यात मोठी उणीव ही की लष्करी उपायाची किंमत कोण मोजणार, त्यासाठी ब्रिटनने स्वतःची शस्त्रं वाढवायची का, हे कुठेच विचारलं नव्हतं. लोकांनी कोऱ्या सोडलेल्या त्या २४ लाख जागांत ही अडचण दिसते असं मला वाटतं.

परिणाम लगेच झाला. सप्टेंबर १९३५ मध्ये परराष्ट्रमंत्री सॅम्युअल होअर यांनी जिनिव्हात, राष्ट्रसंघाच्या सभेत, आक्रमणाला सामूहिक विरोध करायचं ठासून सांगितलं, ३ ऑक्टोबरला इटलीच्या मुसोलिनीने इथिओपियावर हल्ला केला, इटलीवर राष्ट्रसंघाचे आर्थिक निर्बंध लागले (तेल त्यातून वगळलं, आणि तेच तर मुख्य होतं), आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत हुजूर पक्षाचे पंतप्रधान बाल्डविन यांनी राष्ट्रसंघाचं नाव घेऊन मोठं बहुमत मिळवलं. मग डिसेंबरमध्ये होअर आणि फ्रान्सचे लाव्हाल यांनी इथिओपियाचा मोठा भाग इटलीला द्यायचा गुपचूप बेत केला, तो फ्रेंच पेपरात फुटला आणि खासदारांकडे संतापलेल्या पत्रांचा पूर आला. सहा महिन्यांपूर्वी याच लोकांनी हो म्हणून सही केली होती, ते कसे गप्प बसणार. १८ डिसेंबरला होअर यांना राजीनामा द्यावा लागला आणि त्यांच्या जागी अँथनी ईडन आले. इथिओपियाचा मात्र याने बचाव झाला नाही, मे १९३६ मध्ये आदिस अबाबा पडलं आणि जुलैमध्ये निर्बंधही उठले.

सेसिल यांना १९३७ चं नोबेल शांतता पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये गॅलप पद्धतीचे नमुना सर्व्हे सुरू झाले आणि त्यानंतर परराष्ट्र धोरणावरचं जनमत हजार-दोन हजार लोकांना विचारून मोजलं जाऊ लागलं.