बोअरच्या पाण्यात डाळ का शिजत नाही?

नळाला धरणाचं पाणी आठवड्यातून एकदा येणार आणि मधले दिवस बोअरवर काढायचे, अशी तऱ्हा सोलापूर, धाराशिव, लातूरकडच्या कितीतरी तालुक्याच्या गावांत असते. तिथे घरोघरी पाण्याची वाटणी ठरलेली: नळाचं प्यायला आणि डाळीला, बोअरचं धुण्याभांड्यांना. चुकून बोअरच्या पाण्यात तूरडाळ लावली, तर चार शिट्ट्या जास्त घेऊनही दाणा दाणाच राहतो. कितीही घोटा, वरणात पाणी वर आणि डाळ तळाला. यावरून लोक एक पायरी पुढे जातात. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते पोटात गेलं तर मुतखडाच करणार! डाळीचं म्हणणं अगदी खरं आहे. मुतखड्याचं तितकं सोपं नाही.

बोअरचं पाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. आधी ते जड होतं कसं ते पाहू. पावसाचं पाणी जवळजवळ क्षारविरहित असतं. जमिनीत मुरताना मात्र त्याला मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड भेटतो, आणि मातीतल्या हवेत तो बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. त्यातून बनलेलं सौम्य कार्बोनिक आम्ल काळ्या पाषाणातलं, म्हणजे बेसॉल्टमधलं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हळूहळू विरघळवतं. काळ्या मातीतल्या चुनखडीच्या खड्यांची त्यात भर. धरणातलं पाणी बहुतांशी जमिनीवरून वाहून आलेलं असतं. बोअरचं खडकाच्या फटींत वर्षानुवर्षं मुरलेलं. फरक पडणारच.

आता डाळ. दाण्यातल्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवतं ते पेक्टिन. पेरूची जेली जमते तीही त्याच्याच जिवावर. डाळ शिजणं म्हणजे नुसतं पिष्ट फुगणं नव्हे. उष्णतेनं पेक्टिन तुटून विरघळावं लागतं, पेशी सुट्या व्हाव्या लागतात, तेव्हा कुठे दाणा बोटांत दाबला की मऊ पसरतो. पेक्टिन ही गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लाच्या रेणूंची लांबच लांब साखळी. काही रेणूंवर मिथाइल गट बसलेला असतो. जिथे तो नसतो तिथे कार्बॉक्सिल गट उघडा पडतो आणि त्यावर ऋणभार असतो. कॅल्शियम आयनावर धनभार दोन. त्यामुळे तो शेजारच्या दोन साखळ्यांना एकाच वेळी धरू शकतो. रसायनशास्त्रज्ञ या रचनेला अंड्यांच्या ट्रेची उपमा देतात: दोन नागमोडी साखळ्या समोरासमोर, आणि मधल्या खळग्यांत एकेक कॅल्शियम. एखाददुसरा दुवा उकळत्या पाण्यात सहज सुटतो, पण ओळीनं बरेच झाले की साखळ्या हलत नाहीत. सोडियमवर धनभार एकच, म्हणून त्याला हे जमत नाही. मॅग्नेशियमवर दोन असतात, पण पेक्टिनवरची त्याची पकड ढिली.

आणखी एक पात्र राहिलं, फायटेट. डाळीत ते जन्मजात असतं आणि कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेतं, म्हणजे पेक्टिनच्या वाट्याला कमी येतं. डाळ उकाड्यात, दमट हवेत महिनोन् महिने पडून राहिली की फायटेज नावाचं विकर (एन्झाइम) हे फायटेट फोडतं, आणि त्यानं धरलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मोकळं होतं. जुनी डाळ चांगल्या पाण्यातही हट्टीपणा करते त्यामागे हे एक कारण आहे. जुनी डाळ आणि बोअरचं पाणी एकत्र आले, तर कुकरचाही नाइलाज होतो.

चिमूटभर खायचा सोडा इथे काम करतो. पाणी अल्कधर्मी झालं की पेक्टिनची साखळी तुटण्याची क्रिया, जिला बीटा-एलिमिनेशन म्हणतात, जोर धरते. किंमत म्हणून बी-१ जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं. चिंचेचं याच्या उलट: आम्लात ही क्रिया मंदावते. आमटीत चिंच डाळ शिजल्यावरच घालायची, हे आपल्याकडे कोणी पुस्तकात वाचून ठरवलेलं नाही. सोड्याहून बरा उपाय म्हणजे पाणी आदल्या रात्री खळखळून उकळून ठेवणं. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट कार्बोनेट होऊन तळाशी बसतं, आणि सकाळी वरचं निवळलेलं पाणी डाळीला घेता येतं. गिझरच्या कॉइलवरचा पांढरा थर याच क्रियेतून येतो. सल्फेट-क्लोराइडच्या रूपातला जडपणा मात्र उकळून जात नाही. तुरटीनंही जात नाही. ती गढूळपणा बसवते, कॅल्शियमला हात लावत नाही.

राहिला मुतखडा. जागतिक आरोग्य संघटनेनं जडपणासाठी आरोग्याच्या कारणानं कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) लिटरला २०० मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह पातळी आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात हे खरं, पण अन्नपाण्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून बाहेर काढतं. उन्हातान्हात राबून पाणी कमी पिणं हा मोठा धोका. आधीच खडे झालेल्यांनी अर्थात डॉक्टरांनाच विचारावं.

या भीतीवर दारोदारची विक्री चालते. विक्रेता दोन ग्लास ठेवतो, एकात तुमचं पाणी, एकात फिल्टरचं, आणि दोन्हींत विजेच्या सळ्या सोडतो. तुमचं पाणी गंजासारखं तांबूस होतं, घरातले हबकतात. तो रंग लोखंडी सळीचा असतो! पाण्यात क्षार आहेत म्हणून वीज वाहते आणि सळी झिजते; फिल्टरच्या पाण्यात क्षार नगण्य, म्हणून काही होत नाही. धरणाच्या उत्तम पाण्यावरही हा प्रयोग 'यशस्वी' होतो. पाइपला चुंबक बांधून पाणी हलकं करणारे तर विचारूच नका.

टीडीएस मीटरही पाण्याची विद्युतवाहकता मोजून क्षारांचा एकूण अंदाज देतं, एवढंच. फ्लोराइडची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम, नायट्रेटची ४५. ती ओलांडली तरी मीटरवरचा आकडा निर्धास्त करणारा असू शकतो, आणि मैलापाण्यातले जिवाणू तर त्याला दिसतच नाहीत. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत फ्लोराइडमुळे दात आणि हाडं बिघडली, ते पाणी चवीला वेगळं लागत नव्हतं. बोअरवर अवलंबून असाल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा, शक्यतो पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. जिवाणूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली वेगळी असते, ती तिथूनच मागून घ्यावी.