पन्नी वितळत नाही, तरीही

"पन्नी कुठं वितळली का? मग काय होते?" गरम तर्री पन्नीतून, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पिशवीतून, नको म्हटलं की नागपूरच्या ठेल्यांवर हा प्रश्न हमखास ऐकू येतो. त्यातलं निरीक्षण अगदी बरोबर आहे. या पिशव्या बहुधा पॉलिइथिलीनच्या असतात. त्याचा मऊ प्रकार साधारण १०५ ते ११५ अंशांना वितळतो, कडक प्रकार १३०च्या आसपास. आणि उकळता रस्सा १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. पण प्लास्टिकमधलं काही अन्नात उतरायला प्लास्टिक वितळावंच लागत नाही.

पॉलिइथिलीन म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. काही भागांत त्या शिस्तीत घड्या घालून बसतात, तर काही भागांत ताटातल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंततात. या गुंत्यातल्या साखळ्या डिसेंबरच्या थंडीतही स्थिर नसतात. त्यांच्या हालचालीने बारीक पोकळ्या उघडतात, मिटतात, शेजारी पुन्हा उघडतात. साखळी स्वतः फार लांब असल्याने अडकून राहते, पण एखादा लहान रेणू एका पोकळीतून दुसरीत उडी मारत पुढे सरकतो. यालाच विसरण म्हणतात. पिशवी करताना ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्यं, रंग, घसरण आणणारी द्रव्यं घालतात. हे रेणू साखळ्यांना रासायनिक बंधाने जोडलेले नसतात, नुसते मिसळलेले असतात. त्यातलं घसरण आणणारं एरुकामाइड तर मुद्दाम अशा बेताने घालतात की ते आतून पृष्ठभागावर येऊन बसावं आणि पिशवीचे पदर एकमेकांना चिकटू नयेत. रेणू प्लास्टिकमधून प्रवास करतात, या गोष्टीवर कारखाना विसंबूनच असतो!

उष्णतेने हा प्रवास झपाट्याने वाढतो. दर दहा अंशांना वेग दुप्पट होतो असं जरी धरलं, तरी ३० अंशांवरून ९० अंशांवर गेल्यावर तो ६४ पट होतो. त्यात तर्रीवर तेलाचा थर. ही द्रव्यं बहुतांशी पाण्यात विरघळत नाहीत, तेलात मात्र सहज विरघळतात. पृष्ठभागावर आलेला रेणू तेल उचलून नेतं आणि मागच्या रेणूला वाट मोकळी होते.

आता आकार. आपल्याकडे अन्नाच्या प्लास्टिकसाठी एकूण स्थलांतराची, म्हणजे प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या सगळ्या द्रव्यांची, मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम, किंवा चौरस डेसिमीटरमागे (१० बाय १० सेंटिमीटरमागे) १० मिलिग्रॅम अशी आहे. एक किलो अन्न १० सेंटिमीटरच्या घनात बसवलं तर त्याला सहा चौरस डेसिमीटर प्लास्टिक लागतं. सहा गुणिले दहा, साठ. आता १०० ग्रॅम तर्रीची १० बाय १२ सेंटिमीटरची चपटी पन्नी घ्या. दोन्ही बाजू मिळून २.४ चौरस डेसिमीटर, म्हणजे किलोमागे २४ चौरस डेसिमीटर. त्या घनाच्या चौपट! अन्न जितकं थोडं आणि पिशवी जितकी चपटी, तितका प्रत्येक घासाला प्लास्टिकचा स्पर्श जास्त.

वाहतूक उलटीही चालते. प्लास्टिकच्या डब्यावरचा हळदीचा डाग घासूनही जात नाही, कारण हळदीतलं कर्क्युमिन तेलासोबत डब्याच्या आत शिरलेलं असतं. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन पॉलिइथिलीन असंच शोषून घेतं, आणि रसाचा वास कमी होतो.

एका पन्नीने कुणी आजारी पडेल असं मी म्हणत नाही. सगळ्या प्लास्टिकमध्ये थॅलेट नावाची रसायनं असतात हेही खरं नाही. ती मुख्यतः पीव्हीसी नावाचं प्लास्टिक मऊ करायला वापरतात. रेशनच्या तांदळात 'प्लास्टिकचे दाणे' आल्याचे निरोप मात्र कृपा करून पुढे पाठवू नका. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून बनवलेले ते दाणे होते, शंभराला एक या प्रमाणात घातलेले. ॲनिमियावरचा उपाय लोकांनी विष समजून वेचून फेकला, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून प्लास्टिक टाळण्याचा क्रम लावायचा तर पहिला नंबर गरम आणि तेलकट पदार्थांचा: तर्री, सावजी रस्सा, कढईतून काढलेली कचोरी. यांना स्टीलचा डबा घरून न्यावा. दूध-दही त्यानंतर. इतवारी बाजारातून सुटी तूरडाळ कापडी पिशवीत आणली तर भांडेवाडीच्या कचरा डेपोला जाणारा कचरा नक्की कमी होतो आणि तेही हवंच आहे. पण कोरड्या डाळीत प्लास्टिकमधून उतरणारं फारच थोडं.

पन्नी नको म्हणून समोसा वर्तमानपत्रात बांधून घेणं हा उपाय नव्हे. छपाईच्या शाईतली खनिज तेलं आणि रंगद्रव्यं तळणाचं तेल तितक्याच सहज ओढून घेतं. अन्न वर्तमानपत्रात बांधायला २०१८च्या नियमांनी बंदी आहे. चहाच्या कागदी कपालाही बहुधा आतून पॉलिइथिलीनचंच अस्तर असतं. ठेल्यावर उभं राहून खायचं असेल तर पळसाच्या पानांचा द्रोण मागावा. विदर्भात पळसाला तोटा नाही.