दत्तक गावठी कुत्रा : वर्तन व प्रशिक्षण

रस्त्यावर किंवा पशुनिवाऱ्यात वाढलेले देशी कुत्रे घरी आणल्यावर त्याची वागणूक ओळखणे आणि घरच्या दिनक्रमाशी तिचा मेळ घालणे, असा या विषयाचा आवाका आहे. गावठी कुत्रे कोरी पाटी घेऊन येत नाही. कोणत्या टपरीवर पाव मिळतो, कोण दगड मारतो, कुठल्या गल्लीत शिरायचे नाही, हे ते शिकूनच आलेले असते. घरात जिला ‘वाईट खोड’ म्हणतात, ती बऱ्याचदा रस्त्यावर त्याला जगवणारी सवय असते.

वागणुकीचा पाया फार लवकर पडतो. अमेरिकेत बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांच्या वाढीचा अनेक वर्षे अभ्यास केला. तो १९६५ मध्ये ग्रंथरूपाने आला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात माणसे, वाहने, इतर प्राणी यांच्याशी सुखाची ओळख झाली, तर पुढे ती परकी वाटत नाहीत. याच काळात भावंडांशी खेळताना पिल्लू चावा सौम्य ठेवायला शिकते. म्हणून आई जिवंत असेल आणि जागा सुरक्षित असेल, तर चार आठवड्यांचे गोजिरवाणे पिल्लू लगेच उचलून आणू नये. ते आठ आठवड्यांचे होईपर्यंत थांबणे बरे. उलट टोकही आहे. गल्लीत रुळलेले, नियमित खाणे मिळणारे, कानाला नसबंदीच्या खुणेचा काप असलेले प्रौढ कुत्रे चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणणे ही दरवेळी त्याच्यावर मेहेरबानी असतेच असे नाही.

या कुत्र्यांना माणूस कळत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. आयसर कोलकाता या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोकाट कुत्र्यांवर प्रयोग केले. २०१७ च्या अभ्यासात अनोळखी माणसावर विश्वास बसण्यासाठी खाऊपेक्षा वारंवार कुरवाळणे अधिक उपयोगी ठरले. २०२० च्या अभ्यासात, कसलेही प्रशिक्षण नसताना, जवळ आलेल्या बहुतेक कुत्र्यांनी माणसाने बोट दाखवलेल्या वाडग्याकडेच मोर्चा वळवला. बुजरी कुत्री मुळात जवळच आली नाहीत. अडचण अकलेची कमी आणि भीतीची जास्त असते, हे घरी आणणाऱ्याने आधी लक्षात घ्यावे.

पहिले काही दिवस कुत्रे पलंगाखाली बसते, खात नाही किंवा सतत झोपते. पाहुणे ‘किती शांत आहे हो’ म्हणतात. ही शांतता पुष्कळदा धास्तीची असते. खरा स्वभाव काही आठवड्यांनी दिसू लागतो. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा प्राणीमित्रांमध्ये रूढ आहे. तो अनुभवातून आलेला आहे, शास्त्रीय नियम नव्हे. या काळात आज्ञा शिकवण्याची घाई नको. जेवणाची, फिरण्याची ठरलेली वेळ आणि कोणीही त्रास देणार नाही असा एक कोपरा पुरतो.

देहबोली वाचणे हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. झोप नसताना जांभई, ओठ चाटणे, तोंड फिरवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, अंग ताठणे हे सारे ‘मला नको आहे’ असे सांगण्याचे प्रकार आहेत. शेपटी हलली म्हणजे आनंदच, असेही नाही. गुरगुरणे ही पुढची पायरी. त्यावर फटका दिला तर कुत्रे गुरगुरणे सोडते, पण भीती जागेवरच राहते. मग एक दिवस ते इशारा न देता चावते. खाण्यावरून गुरगुरणारे कुत्रे हे नेहमीचे उदाहरण. रस्त्यावर घास राखला नाही तर उपाशी झोपावे लागते. त्याची भांडी ओढून ‘मालक कोण’ हे दाखवण्याचा प्रकार त्याचा संशय खरा ठरवतो. त्याऐवजी लांबून जाताना भांड्याकडे चिकनचा तुकडा टाकावा आणि न थांबता पुढे जावे. माणूस जवळ आला की भर पडते, असे त्याला पटू लागले की अंतर हळूहळू कमी करावे. लहान मुलांना यापासून दूर ठेवावे.

चप्पल फाडल्यावर दिसणाऱ्या ‘अपराधी’ चेहऱ्याचाही असाच चुकीचा अर्थ लावला जातो. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये दाखवले की तो चेहरा मालकाच्या रागावण्यावर येतो; कुत्र्याने प्रत्यक्षात काही केले होते की नाही, याच्याशी त्याचा संबंध नसतो.

मालकाने ‘अल्फा’, म्हणजे कळपाचा दादा, व्हावे हा सल्ला अजून ऐकू येतो. त्याचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या, बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणात आहे. ही कल्पना लोकप्रिय करणाऱ्यांपैकी एक असलेले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये ती नाकारली: रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरे. कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरणे निरुपयोगी आहेच, शिवाय धोक्याचेही.

शिकवण्याची रीत साधी आहे. ज्या कृतीनंतर लाभ होतो ती पुन्हा घडते, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक आणि पुढे बी. एफ. स्किनर यांनी मांडलेले तत्त्व. बक्षीस कृतीनंतर एक-दोन सेकंदांत मिळावे, तुकडा नखाएवढा असावा, धडा दोन-तीन मिनिटांत संपावा. आजी ‘बस’ म्हणते, नातू ‘सिट’ म्हणतो आणि आजोबा ‘ए, खाली’ म्हणतात, अशा घरात कुत्र्याकडून प्रगतीची अपेक्षा करू नये. भाषा कोणतीही चालते, घराने एकच ठरवावी.

शी-शूच्या बाबतीत गावठी कुत्र्याला मातीची सवय असते, त्यामुळे फरशीवर ते बावचळते किंवा उलट दिवसभर धरून ठेवते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर त्याच मातीच्या जागी न्यावे आणि काम झाल्या झाल्या तिथेच बक्षीस द्यावे. घरात झालेली जागा वास मुळापासून घालवणाऱ्या एन्झाइमयुक्त क्लीनरने पुसावी. फिनाइलने आपल्या नाकाचे समाधान होते, कुत्र्याचे नाही. पावसाळ्यात काही कुत्री दाराबाहेर पाऊलच टाकत नाहीत. जिन्याखालचा आडोसा आधीच हेरून ठेवावा.

फिरताना गल्लीतल्या कुत्र्यांशी गाठ पडतेच. पट्ट्यात अडकलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, म्हणून ते आधीच भुंकू लागते. अंगात नीट बसणारा हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बांधायचा पट्टा), टोळीच्या हद्दी टाळणारा रस्ता आणि लांबूनच वळणे हे ओरडण्यापेक्षा उपयोगी.

गणपतीतले ढोल-ताशे आणि दिवाळीतले फटाके ही वेगळी परीक्षा. आवाजाची ध्वनिफीत अगदी हळू लावून सोबत खाऊ देण्याचा सराव काही आठवडे आधी सुरू करावा. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने भीती वाढत नाही. फिरणे अंधारापूर्वी उरकावे आणि गळ्यात फोन क्रमांकाचा बिल्ला ठेवावा, कारण फटाक्यांत दोर तोडून पळालेली कुत्री हरवतात. भीती तीव्र असल्यास पशुवैद्यांकडून औषध घ्यावे. नुसते अंग सुस्त करणारे औषध भीती कमी करत नाही.

शांत कुत्रे अचानक चिडके झाले, ठरावीक जागी हात लावू देईना, किंवा शिकलेले विसरू लागले, तर प्रशिक्षकाआधी पशुवैद्य गाठावा. कानातला संसर्ग, दात किंवा सांधे यांचे दुखणे अशा वागण्यामागे पुष्कळदा असते.