निपल गेलं, सवय राहिली

पावसाळ्याच्या तोंडावर ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या गॅरेजात तासभर थांबा. सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून शिट्टी येते, ही तक्रार घेऊन कुणीतरी आलेलं असतंच. मिस्त्री चालत्या पट्ट्यावर बाटलीतून चमचाभर पाणी सोडतो. आवाज बदलला तर पट्टा, तसाच घरघरत राहिला तर पुलीचं बेअरिंग. मग पुली उतरते, दाभणाचं टोक रबरी सीलच्या आतल्या कडेखाली जातं आणि आत गोळ्यांभोवती काजळासारखं सुकलेलं ग्रीस दिसतं. पेट्रोलने धुवायचं, बोटाने नवं भरायचं, सील दाबून बसवायचं. हे बेअरिंग ‘आयुष्यभराचं ग्रीस’ भरून येतं, पण ते कुणी मनावर घेत नाही.

या सवयीला इतिहास आहे. ग्रीस म्हणजे ढोबळमानाने तेल आणि ते धरून ठेवणारा साबण. जुन्या चुन्याच्या ग्रीसला पाणी चालायचं पण उष्णता सोसत नसे. सोडियमच्या ग्रीसला उष्णता चालायची पण ते पाण्याने धुऊन जाई. कुठलंच फार टिकत नसल्यामुळे ते पुन्हा पुन्हा भरायची सोय यंत्रावरच ठेवलेली असे: गनने ग्रीस आत दाबायचं छोटं तोंड, म्हणजे निपल. ऑस्कर झर्कला ज्या निपलचं अमेरिकन पेटंट १९२९ साली मिळालं, तेच आपण ‘ग्रीस निपल’ म्हणून ओळखतो. कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी ग्रीस गन घेऊनच सांभाळायची गाडी होती. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली. तिथल्या शेडमध्ये तयार झालेल्या हातांना ‘आवाज आला की ग्रीस मार’ हेच ठाऊक होतं.

दरम्यान तिकडे रसायन बदललं होतं. क्लॅरेन्स अर्लच्या १९४२च्या पेटंटमधून लिथियम ग्रीस आलं. पाणी आणि उष्णता दोन्ही सोसणारं. तेलाला दाद न देणारं नायट्राइल रबर त्याआधीच तयार झालेलं होतं. एकदाच भरून दोन्ही बाजूंनी झाकून टाकायचं बेअरिंग मग स्वस्तात शक्य झालं. पुढे १९७९च्या फोर्ड मस्टँगमध्ये अल्टरनेटर, वॉटर पंप, स्टिअरिंगचा पंप असं सगळं फिरवणारा एकच लांब पट्टा आला. त्याला ताणायला टेन्शनर आणि वळवायला आयडलर लागतो. क्रँकची पुली १५० मिलिमीटरची आणि आयडलर ७५चा असेल, तर आयडलर दुप्पट वेगाने फिरणार. इंजिनाच्या कोपऱ्यात अडकलेल्या त्या पुलीला निपल ठेवून गन तरी कुठून घालणार?

म्हणून सील. पण कंपनी बहुतेक वेळा अख्खी पुलीच विकते, आणि नेमकं तिथे गिऱ्हाइकाचा हात आखडतो. दाभण बाहेर येतं ते या हिशेबापोटी. त्याला निव्वळ अज्ञान म्हणणं मला पटत नाही.

तरी मी स्वतः एकदा हात पोळून घेतला आहे. आयडलरच्या बेअरिंगमध्ये गॅरेजातलं लाल लिथियम ग्रीस ठासून भरलं. जास्त भरलं तर जास्त टिकेल, हा अस्सल निपलच्या काळातला विचार. खरं तर आतली मोकळी जागा साधारण तिसरा हिस्साच भरायची असते. नाहीतर गोळ्या ग्रीस घुसळत बसतात आणि बेअरिंग तापतं. शिवाय मूळचं ग्रीस पॉलियुरियाचं, म्हणजे साबणाऐवजी दुसऱ्या रसायनाने तेल धरून ठेवणारं, असेल आणि धुताना थोडं आत राहिलं, तर त्याचं लिथियमशी बहुधा पटत नाही. मिश्रण पातळ होऊन गळतं. माझं घोडबंदर रोडवर, भर ट्रॅफिकमध्ये, पट्ट्यावर उडालं. पट्टा घसरायला लागला, बॅटरीचा दिवा लागला, मागोमाग तापमानाचा काटा चढला.

उतरवलेल्या बेअरिंगच्या कड्यावर आकडा होता ६२०३. शेवटच्या ०३ चा अर्थ भोक १७ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ४०, जाडी १२. नुसतं बेअरिंग सुटं मिळालं. मिस्त्रीने ते व्हाइसमध्ये धरून, बाहेरच्या कड्यावर सॉकेट टेकवून दाबून बसवलं आणि जुनं माझ्या हातात दिलं. बोटाने फिरवलं तर आत वाळू असल्यासारखं खरखरत होतं, लाल ग्रीससकट.