ऑइल सील बदलण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा

टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणातून, ऑइल पाझरतंय म्हणून पॅकिंग बदललं, दोन महिन्यांत पुन्हा तिथेच ओल. मग क्रँकचं पुढचं सील बदललं, तेही गळायला लागलं. अशा वेळी सील खराब निघालं म्हणून दुकानदाराशी वाद घालण्याआधी बोटाएवढ्या एका भागाकडे बघायला हवं, तो म्हणजे पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्ह, इंजिनच्या पोटातला वायू काढून घेणारी झडप. इंजिनच्या पोटात साचलेला दाब सगळ्यांत कच्च्या जागेतून वाट काढतो. ती बुजवली की पुढची कच्ची जागा शोधतो.

हा दाब येतो कुठून? पिस्टनच्या रिंगा नव्या असल्या तरी शंभर टक्के हवाबंद नसतात. प्रत्येक स्फोटाबरोबर थोडा वायू त्यांच्या कडेने निसटून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे ऑइलच्या घरात, उतरतो. गॅरेजच्या भाषेत हेच बॅक कॉम्प्रेशन. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, ऑइल आंबट करणारे नायट्रोजनचे ऑक्साइड असतात आणि पाण्याची वाफ असते. १ लिटर पेट्रोल पूर्ण जळलं की जवळपास १ लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून जातं, पण थोडं ऑइलपर्यंत पोचतंच. रोजची फेरी साताऱ्यात राजवाडा ते पोवई नाका एवढीच असेल तर ऑइल पुरतं तापत नाही आणि वाफ आतल्या गार पत्र्यावर पाणी होऊन बसते. पावसाळ्यात ऑइलचं झाकण उघडून बघा, आतून पिवळसर, फेसाळ, लोण्यासारखा थर दिसेल. झाकणापुरताच असेल तर घाबरू नका. तोच रंग ऑइलच्या काडीवर दिसला आणि कूलंटही कमी होत असेल, तर मात्र हेड पॅकिंगची तपासणी आधी.

पूर्वीच्या गाड्यांत हा वायू एका नळीने खाली रस्त्यावर सोडून देत. १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात पीसीव्ही आला आणि तोच वायू परत इंजिनात ओढून जाळला जाऊ लागला. टॅपेट कव्हरपासून इनटेक मॅनिफोल्डपर्यंत, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांपर्यंत, एक नळी जाते आणि तिच्या तोंडाशी हा व्हॉल्व्ह बसतो. दुसरी नळी एअर फिल्टरकडून ताजी हवा आत आणते. व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंगवर तोललेली छोटी दांडी असते. गाडी स्लोला, म्हणजे रेस न देता नुसती चालू, असताना मॅनिफोल्डची ओढ जबर असते. ती दांडीला खेचून वाट अरुंद करते, कारण तेव्हा वायूही कमी असतो. रेस दिली की ओढ घटते, स्प्रिंग दांडीला मागे रेटते आणि वाट रुंदावते. मॅनिफोल्डमध्ये बॅकफायर झाला तर दांडी उलट बसून वाट बंद करते, म्हणजे आग क्रँककेसमध्ये शिरत नाही.

दांडी उघडी अडकली तर हिशोबाबाहेरची हवा इंजिनात शिरते. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, स्लो वर-खाली होतो, मिसिंग येतं. स्कॅनरवर पी ०१७१ हा पातळ मिश्रणाचा कोड दिसू शकतो. इथे फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा, बघावा. स्लोला तो बराच अधिक असेल आणि २५०० आरपीएमला शून्याकडे येत असेल, तर कुठूनतरी जादा हवा शिरते आहे असं समजा. उघड्या अडकलेल्या व्हॉल्व्हमधून ऑइलही ओढलं जातं. पसरणी घाट सेकंड गिअरमध्ये उतरून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की निळा धूर येतो, हे त्याचं एक लक्षण. पण व्हॉल्व्ह गाइडची सीलं झिजली तरी धूर नेमका असाच येतो, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नये.

दांडी बंद अडकली किंवा नळी काजळीने तुंबली तर दाब साचतो. ऑइलची काडी वर सरकते, सीलं गळतात. वायू ताज्या हवेच्या नळीतून उलटा येतो आणि एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल सांडलेलं दिसतं. फिल्टर ऑइलने माखलेला दिसला की पहिला संशय याच व्हॉल्व्हवर घ्यावा.

तपासणीला दहा मिनिटं पुरतात. गाडी स्लोला ठेवून व्हॉल्व्ह कव्हरमधून उपसा, नळी तशीच जोडलेली राहू द्या, आणि त्याच्या तोंडावर अंगठा ठेवा. ओढ स्पष्ट जाणवली पाहिजे आणि आरपीएम किंचित पडले पाहिजेत. ओढ नसेल तर व्हॉल्व्ह काढून नळीलाच अंगठा लावा. आता ओढ लागली तर व्हॉल्व्ह तुंबलेला, नाही लागली तर नळी किंवा मॅनिफोल्डचं भोक तुंबलेलं. मग इंजिन बंद करून व्हॉल्व्ह कानाशी हलवा. आत खुळखुळ वाजलंच पाहिजे. वाजला म्हणजे चांगला, असं मात्र नाही. स्प्रिंग मऊ पडलेला व्हॉल्व्हही छान वाजतो. तोंडाने त्यातून हवा ओढून बघू नका, आतली पेट्रोलची वाफ घातक असते.

मॅनिफोल्डची ओढ मोजायला व्हॅक्यूम गेज लावणाऱ्यांनी उंची धरावी. पुस्तकातला स्लोचा १८ ते २१ इंच (पाऱ्याचे) हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. दर हजार फुटांना साधारण १ इंच कमी होतो. सातारा शहरात अडीच इंच वजा करा, महाबळेश्वरला साडेचार. तिथे १५ इंच दाखवणारं इंजिन आजारी नसतं.

काही गाड्यांत दांडीऐवजी टॅपेट कव्हरमध्येच रबरी पडदा असतो. तो फाटला की शिट्टीसारखा आवाज येतो आणि चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उचलताना ते चिकटल्यासारखं वाटतं. अशा वेळी बऱ्याचदा अख्खं कव्हर बदलावं लागतं.

साधा व्हॉल्व्ह बदलायचा तर इंजिन गार होऊ द्या. व्हॉल्व्हबरोबर त्याचं रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी कडी), नळी आणि क्लिपा नव्या घ्या. जुनं ग्रोमेट उन्हात वाळलेल्या चिंचेच्या टरफलासारखं कडक झालेलं असतं आणि ओढताच तुकडे पडतात. तुकडा टॅपेट कव्हरच्या आत जाता कामा नये. म्हणून व्हॉल्व्ह सरळ न ओढता पिळत काढा, भोकाभोवतीची घाण आधी पुसा आणि निघाल्यावर भोकावर स्वच्छ फडकं धरा. नव्या ग्रोमेटला इंजिन ऑइलचं बोट लावलं की ते अलगद बसतं. आट्यांचा व्हॉल्व्ह असेल तर आधी हाताने फिरवा, शेवटी पान्याने मॅन्युअलमधल्या टॉर्कइतकाच आवळा. बाण मॅनिफोल्डकडे. उलटा बसवला तर वायूची वाटच बंद होते.

नळी ऑइल आणि पेट्रोल सोसणारीच हवी. पाण्याचा साधा पाइप कापून लावला तर काही महिन्यांत तो फुगतो आणि ओढीने चपटा होतो. काही जण नळीत बोल्ट ठोकून मोकळे होतात, हे सगळ्यांत वाईट. जुना व्हॉल्व्ह कार्ब क्लिनरने धुऊन चालतो का? काजळी निघते, मेलेली स्प्रिंग जिवंत होत नाही. काही शे रुपयांच्या भागासाठी ऑइल आणि सीलं पणाला लावू नयेत.

बसवल्यावर कोड पुसा, स्लो स्थिरावू द्या, ट्रिम पुन्हा बघा. ऑइल काळं, चिकट किंवा पेट्रोलचा वास मारणारं असेल तर फिल्टरसह बदला. यानंतरही चालू इंजिनाच्या झाकणातून भकाभक धूर येत असेल तर रिंगा झिजल्या असण्याचा संशय घ्यावा. तिथे कॉम्प्रेशन टेस्ट घ्यावी, आधी कोरडी, मग सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून. ऑइल टाकल्यावर आकडा चढला तर दोष रिंगांचा, नाही चढला तर इंजिनच्या (पीसीव्हीच्या नव्हे) व्हॉल्व्हचा किंवा हेड पॅकिंगचा.