सोलापुरात ‘हद्दवाढ भाग’ हे नाव पुसलं का जात नाही

सोलापुरात पत्ता सांगताना कुणी नगराच्या नावापुढे ‘हद्दवाढ भागात’ असं जोडलं, की ऐकणाऱ्याला बाकीचं न सांगता कळतं. रस्ता मुरमाचा असणार, ड्रेनेजऐवजी शोषखड्डा असणार, पाणी रात्री-अपरात्री येणार. शहराची हद्द वाढली १९९२ साली. त्या वर्षी जन्मलेली पोरं आज आपल्या पोरांना शाळेत सोडायला जातात, पण भागाचं नाव अजून ‘हद्दवाढ’च आहे. केगावच्या विद्यापीठात शिकायला आलेल्या मुलाला खोली शोधताना हा शब्द पहिल्या दिवशी ऐकू येतो आणि आठवड्याभरात त्याचा अर्थही कळतो.

हद्दवाढीआधी महापालिकेचं क्षेत्र साधारण ३३ चौरस किलोमीटर होतं. बाळे, केगाव, देगाव, शेळगी, दहिटणे, मजरेवाडी, सोरेगाव, कुमठे अशी भोवतालची गावं आत घेतली आणि ते १७८.५७ चौरस किलोमीटर झालं. एका फटक्यात पाचपटीहून मोठं. लोकसंख्या काही पाचपट झाली नाही. १९९१ च्या जनगणनेत ती सहा लाखांच्या जरा वर होती, २००१ ला पावणेनऊ लाखांच्या जवळ गेली, २०११ ला साडेनऊ लाख. पहिल्या उडीत आत आलेल्या गावांची माणसंही मोजलेली आहेत. दुसऱ्या दशकातली वाढ मात्र जेमतेम नऊ टक्के.

आता याच दहा वर्षांत विजापूर रोड, होटगी रोड, जुळे सोलापूर, सैफुल, बाळे, शेळगी या बाजूंना किती घरं उभी राहिली ते कुठल्याही गवंड्याला विचारा. मग एवढ्या घरांत राहायला माणसं आली कुठून? खेड्यातून आली, नोकरीनिमित्त आली, हे खरंच. पण बरीचशी आतल्या पेठांमधूनच आली. मंगळवार पेठेतल्या वाड्यात चार भाऊ एका नळावर, एका संडासावर राहत होते. वाटण्या झाल्या, चौघांनी चार दिशांना प्लॉट घेतले. माणसं तेवढीच राहिली. नळ चार झाले, ड्रेनेजच्या जोडण्या चार झाल्या, कचऱ्याच्या गाडीला चार गल्ल्या वाढल्या. सोलापूर वाढलं त्यापेक्षा पसरलं जास्त. पसरणाऱ्या शहराला दर माणशी पाईप जास्त लागतो आणि तो पुरायला पैसाही जास्त लागतो. पुढची सगळी रड या गणितातली आहे.

जुनं शहर असं नव्हतं. १८६० ला रेल्वे आली, १८७७ ला ‘जुनी गिरणी’ उभी राहिली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम या गिरण्या आल्या. भोंग्यावर चालणारं गाव. कामगार गिरणीपासून चालत जाता येईल एवढ्याच अंतरावर राहायचा. पूर्व भागात तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर घरातच माग मांडून बसले. पुढच्या खोलीत चादर, मागच्या खोलीत चूल. त्यामुळे वस्ती दाट होती, गल्ल्या अरुंद होत्या, पण पाईप आणि गटारी थोडक्या लांबीत भागत होत्या.

कॉलेजंही तशीच आतली. दयानंद १९४० चं, संगमेश्वर १९५३ चं, वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चं. १९८३ साली राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं आणि त्याच वर्षी वालचंदचं अभियांत्रिकी सुरू झालं, तेही अशोक चौकात, यंत्रमागांच्या खडखडाटाशेजारी. अक्कलकोट, बार्शी, मोहोळ, तुळजापूरकडची मुलं एसटी स्टँडवर उतरायची आणि सायकलने किंवा पायी कॉलेज गाठायची. खोली मिळायची ती कुणाच्या तरी वाड्यात, माडीवर. त्या माडीला नळ नव्हता, पण खाली चौकात होता.

नव्वदच्या दशकापर्यंत बहुतेक गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद झाले. जुन्या गिरणीच्या आवारात तर आता सोसायट्या आणि अपार्टमेंट आहेत. तिथल्या घरांना भाव आहे, आणि एक कारण अगदी साधं आहे: शहराच्या मधोमध असल्याने आजूबाजूला सगळं आधीच होतं.

शिक्षण मात्र नेमकं त्याच सुमारास बाहेर निघालं. तोवर सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. गुणपत्रिकेतली एक चूक दुरुस्त करायची तर दोनशेहून जास्त किलोमीटरचा एसटीचा प्रवास, मुक्काम आणि खिडकीपुढची रांग. २००४ साली फक्त एका जिल्ह्यासाठी सोलापूर विद्यापीठ झालं, ते पुणे महामार्गावर केगावला. २०१९ ला त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. पुढच्या काही वर्षांत केगाव, तळे हिप्परगा, बेलाटी, सोरेगाव अशी महामार्गांच्या कडेला अभियांत्रिकी महाविद्यालयं उभी राहिली. यात कुणाचा डावपेच शोधायची गरज नाही. नव्या संस्थेला मान्यतेसाठी काही एकर सलग जागा दाखवावी लागायची, आणि ती पेठेत कोण देणार? शिवाय शहरात एकाने किती मोकळी जागा ठेवायची याला मर्यादा घालणाऱ्या १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यात सोलापूरही होतं. तो कायदा राज्यात २००७ च्या अखेरीस रद्द झाला, तोवर शहरातली मोठी मोकळी जागा म्हणजे कोर्टकचेरीला आमंत्रण होतं. हायवेलगत शेतजमीन स्वस्त होती, रस्ता केंद्राच्या पैशाने झालेला होता.

कॉलेजमागे घरं गेली. आधी प्राध्यापकांच्या, बँकवाल्यांच्या, सरकारी नोकरांच्या सोसायट्या, मग मेस, झेरॉक्स, क्लासेस आणि घराच्या वर चढवलेला ‘विद्यार्थ्यांसाठी’ मजला. महामार्गावरून बघितलं तर हे सगळं छान दिसतं. आतल्या गल्लीत वळलं की डांबर संपतं.

याचं कारण जमिनीच्या कागदात आहे. आमच्याच घरचं सांगतो. वडिलांनी १९९६ मध्ये दीड गुंठा घेतला. शेत एकाचं, विकणारा दुसरा, आणि नकाशा एका वहीच्या पानावर पेनाने काढलेला. त्यात तीस फुटी रस्ता दाखवला होता. खरेदीखत नाही, शंभर रुपयांच्या बाँडवर नोटरी. सातबारावर मूळ शेतकऱ्याचंच नाव, आणि इतर हक्कात पुढे आमच्यासारख्या चाळीसेक जणांची रांग. घर बांधायला काढलं तेव्हा वहीतला तीस फुटी रस्ता टेपने मोजला, तो एका टोकाला अठरा फूट आणि दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी ओट्यात संपलेला. वडील म्हणाले, “बैलगाडी जाते ना? मग झालं तर.” बैलगाडी गेली, पुढे रिक्षाही गेली. मैला उपसायचा टँकर मात्र आजही मागे सरकत सरकत येतो आणि वळणावर प्रत्येक वेळी कुणाच्या तरी कुंपणाला घासतो.

याला गुंठेवारी म्हणतात आणि हद्दवाढ भागाचा मोठा हिस्सा तसाच वसला. राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. १ जानेवारी २००१ पर्यंतचे प्लॉट त्यात बसत होते. २०२१ मध्ये दुरुस्ती करून ती तारीख ३१ डिसेंबर २०२० वर नेली. लोकांना दिलासा मिळाला, बांधकाम परवाना आणि कर्जाची वाट मोकळी झाली. पण कागद नियमित झाला म्हणून अठरा फुटांचा रस्ता तीस फुटांचा होत नाही. बागेची, शाळेची, पाण्याच्या टाकीची जागा वहीच्या पानावर कधी नव्हतीच, ती नंतर कुठून काढणार? शिवाय तारीख एकदा पुढे सरकते म्हणजे पुन्हाही सरकेल, असं मानून नवे बाँड होतच राहतात. माझ्या मते कायद्याने घरं वाचवली हे बरोबरच केलं, पण विकासशुल्क घेताना गल्लीचं ड्रेनेज कधी आणि कुठे पडणार हे वेळापत्रकही सोबत द्यायला हवं होतं.

आता पाणी. सोलापूरचा इतिहास सांगायचा तर तो पाण्याच्या तीन ठिकाणांतून सांगता येतो. पहिलं हिप्परग्याचं एकरूख तळं, इंग्रजांनी आदिला नदीवर बांधलेलं, १८७१ मध्ये पुरं झालेलं. ते शहराच्या वेशीपाशीच. दुसरं भीमेवरचं टाकळी, आणि त्यासाठी औज बंधारा: उजनी धरणातून नदीत पाणी सोडायचं, ते शंभरहून जास्त किलोमीटर वाहत, वाटेत मुरत, उडत, उपसलं जात औजला पोचायचं, आणि तिथून पंपाने शहरात आणायचं. शहराला हवं असतं थोडं, नदीत सोडावं लागतं कितीतरी. ‘औजमध्ये आठ दिवसांचंच पाणी’ अशी बातमी आली की इथला माणूस आपसूक गच्चीवरची टाकी बघायला जातो. तिसरं ठिकाण थेट उजनी. तिथून पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंतची सुमारे ११० किलोमीटरची जलवाहिनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आली. हद्दवाढ तोवर होऊन गेली होती, आणि जुन्या ३३ चौरस किलोमीटरमध्येच ते पाणी कमी पडत होतं.

म्हणून समांतर जलवाहिनीची मागणी सुरू झाली आणि वर्षानुवर्षं चालली. २०१९ च्या सुमारास काम मार्गी लागलं. रोज १७ कोटी लिटरची ही वाहिनी, खर्चात एनटीपीसी या वीज कंपनीचाही वाटा. ठेकेदार बदलले, भूसंपादन अडलं, त्यात बरीच वर्षं गेली. या सगळ्या चर्चेत एक बाब मागे राहिली. पाकणीला जास्त पाणी येणं वेगळं आणि ते शेळगीच्या शेवटच्या गल्लीत पोचणं वेगळं. त्यासाठी उंचावर टाक्या लागतात, टाकीपासून गल्लीपर्यंत जाड वाहिन्या लागतात. जुन्या भागात त्या थोड्याफार होत्या. हद्दवाढीत दोन इंची पाईपवर शंभर घरं आणि प्रत्येकाची मोटर. ज्याची मोटर जोरात त्याचं पाणी. वर्षाची पाणीपट्टी सगळीकडे सारखीच. पाचव्या दिवशी पाणी धरलं तर वर्षात ७३ दिवस नळ येतो, हा हिशोब आमच्याकडे शाळकरी मुलंही तोंडी करतात.

पैसा मग गेला कुठे, असं विचारण्याआधी तो यायचा कुठून हे बघायला हवं. जकात हा महापालिकेचा हक्काचा, रोज जमा होणारा पैसा होता. तो गेला, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांवरचा तोही गेला. त्यानंतर शासनाच्या अनुदानाची वाट बघणं आलं. नेमक्या अशा वेळी, जानेवारी २०१६ मध्ये, स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत सोलापूर नवव्या क्रमांकावर आलं. गावभर आनंद झाला. पण त्या योजनेची रचनाच अशी होती की शहराचा एक आटोपशीर तुकडा निवडायचा आणि तो चकाचक करायचा. तुकडा निवडताना सिद्धेश्वर मंदिर, तलाव, किल्ला, पार्क मैदान हा मध्यभाग येणं ओघानेच आलं. रंगभवनचा रस्ता झाला, पार्कचं स्टेडियम नवं झालं. ते वाईट झालं असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी मीही तिथे फिरायला जातो. पण घरं बांधली जात होती सैफुलला आणि फरशी बसत होती रंगभवनला.

बससेवेचं थोडक्यात सांगून टाकतो, कारण सांगण्यासारखं फार उरलेलं नाही. केंद्राच्या योजनेतून एकदा नव्या बस आल्या, त्यातल्या अनेकींच्या चेसीला तडे गेले आणि त्या उभ्याच राहिल्या. केगावचा विद्यार्थी जुन्या पुणे नाक्यावरून शेअर रिक्षाने जातो, नाहीतर बापाकडे हट्ट धरून जुनी गाडी घेतो.

उलटं उदाहरणही याच शहराच्या कुशीत आहे. कुंभारीला, महापालिकेच्या हद्दीबाहेर, विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत झाली. २००६ मध्ये तिचं हस्तांतर झालं. तिच्याच वाटेने पुढे रे नगर आलं, तीस हजार घरांचं, असंघटित कामगारांसाठी. त्यातली पहिली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली. कामाला जायचं अंतर वाढलं, या कुरबुरी तिथे आहेतच. तरी पाण्याची टाकी, सांडपाणी, विजेचे खांब नकाशात घरांच्या आधी काढलेले होते. तीनशे चौरस फुटांच्या घरात राहणाऱ्या विडी कामगार बाईला गल्लीत ड्रेनेज आहे, आणि दीड गुंठ्यावर बंगला बांधलेल्या मास्तरांना शोषखड्डा. आमच्या गल्लीतले मास्तर हे हसून सांगतात, पण टँकरवाल्याला फोन लावत लावत.

आमच्या वरच्या मजल्यावर तीन मुली भाड्याने राहतात: एक मंगळवेढ्याची, एक उमरग्याची, एक इंडीची. दारावरच्या पाटीत आईने भाडं लिहिलेलंच नाही. ‘फक्त मुलींसाठी. बोअर आहे.’ एवढंच. पाण्याच्या दिवशी रात्री दोनला चावीवाला व्हॉल्व्ह उघडतो, त्याच्या गाडीचा आवाज ओळखून आई उठते आणि जिन्यातून हाक मारते, “ए पोरींनो, आलं बघा.” उमरग्याची मुलगी आधी खाली येते, मोटरचं बटण दाबते आणि हौदाच्या कडेवर बसून उद्याच्या प्रॅक्टिकलची वही वाचते. पहिली पाच मिनिटं नुसती हवा येते.